पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी एपिड्युरलमधील पूरक औषध कसे निवडावे आणि कसे वापरावे

गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर, मांडीच्या हाडात रॉड बसवल्यानंतर किंवा खुब्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर पहिल्या ४८ तासांत रुग्णाला होणारी वेदना ही सहन करून संपवण्याची गोष्ट नाही. वेदनेमुळे रुग्ण पाय वाकवत नाही, खोल श्वास घेत नाही आणि पलंगावरून उतरत नाही. त्यातून पुढे शिरेत गाठ होणे, छातीत कफ साठणे आणि सांधा आखडणे अशी दुखणी उभी राहतात. एपिड्युरल कॅथेटरमधून, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत ठेवलेल्या बारीक नळीतून, दिलेले बधिरीकरणाचे औषध आणि त्यात मिसळलेले पूरक औषध, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ॲडिटिव्ह म्हणतो, ही वेदना फार चांगल्या प्रकारे आवरू शकते. हे मार्गदर्शन भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी, लहान शहरांत एकट्याने काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी आणि रिकव्हरी वॉर्डातील परिचारिकांसाठी लिहिले आहे. येथील मात्रा प्रौढ रुग्णांसाठी आहेत आणि त्या प्रत्येक रुग्णाच्या वय, वजन व आजारांनुसार बदलाव्या लागतात.

सुरुवातीलाच माझे मत स्पष्ट सांगतो, कारण पुढची सारी मांडणी त्यावर उभी आहे. पूरक औषध निवडताना ‘कोणते औषध सर्वांत जास्त तास वेदना थांबवते’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘आज रात्री दोन वाजता या रुग्णाकडे कोण पाहणार आहे, किती वेळाने पाहणार आहे आणि काही बिघडल्यास त्या व्यक्तीच्या हाताशी काय आहे’ हा पहिला प्रश्न असावा. उत्तम औषध ढिसाळ देखरेखीत धोकादायक ठरते आणि साधे औषध चोख देखरेखीत पुरेसे ठरते.

एपिड्युरल हवेच का, हे आधी ठरवावे

प्रत्येक पायाच्या शस्त्रक्रियेला एपिड्युरल लागत नाही. गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी आज पॅरासिटामॉल, दाह कमी करणारी वेदनाशामके, ॲडक्टर कॅनॉल ब्लॉक (मांडीतील नसेजवळ दिलेले बधिरीकरण) आणि शल्यचिकित्सकाने सांध्याभोवती दिलेले इंजेक्शन यांच्या बाजूने आहेत. एपिड्युरलमुळे रक्तदाब उतरणे, लघवी अडणे आणि चालणे लांबणे हे त्यामागचे कारण आहे. ज्या रुग्णालयात अल्ट्रासाउंड यंत्र आणि ब्लॉक देणारा हात दोन्ही उपलब्ध आहेत, तेथे एका गुडघ्यासाठी एपिड्युरलचा आग्रह धरू नये. मात्र दोन्ही गुडघे एकाच बैठकीत बदलायचे असतील, खुबा आणि मांडी यांची मोठी व लांबणारी शस्त्रक्रिया असेल, फुप्फुसांच्या आजारामुळे शिरेतून ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातील वेदनाशामक, देणे टाळायचे असेल किंवा अल्ट्रासाउंडची सोयच नसेल, तर एपिड्युरल आजही भरवशाचे साधन आहे. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या ठिकाणी अस्थिरोग शस्त्रक्रिया कमरेतून दिलेल्या भुलीवर आणि सोबत ठेवलेल्या एपिड्युरल कॅथेटरवरच पार पडतात, आणि त्या पद्धतीत काही कमीपणा नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी याच टप्प्यावर पूर्ण करावी. केवळ ॲस्पिरिन चालू असल्यास एपिड्युरल टाळण्याचे कारण नाही. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवलेले असावे, एनॉक्सापरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर १२ तास आणि उपचारात्मक मात्रेनंतर २४ तास गेलेले असावेत, तर रिव्हरॉक्साबानसाठी साधारण ७२ तास थांबावे. खुबा मोडलेल्या वृद्ध रुग्णाच्या नातेवाइकांना ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. घरातील गोळ्यांची पिशवीच आणायला सांगावी आणि पाकिटे स्वतः वाचावीत.

मूळ औषध आणि त्याला जोड कशासाठी

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी बुपिव्हाकेन ०.०६२५ ते ०.१२५ टक्के किंवा रोपिव्हाकेन ०.१ ते ०.२ टक्के या तीव्रतेचे द्रावण पुरते. याहून तीव्र द्रावण दिले तर वेदना थांबते, पण पायाची ताकदही जाते, आणि ज्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट उभे करणार आहे त्याच्यासाठी तो सौदा परवडत नाही. सौम्य द्रावणाने ताकद राहते, परंतु हालचालीच्या वेळची वेदना पुरती झाकली जात नाही. ही उणीव भरून काढणे हेच पूरक औषधाचे काम आहे. ते मज्जारज्जूतील वेगळ्या रिसेप्टरवर (औषध जेथे चिकटून काम करते त्या जागेवर) काम करते, त्यामुळे दोन्ही औषधे कमी मात्रेत देऊन एकत्रित परिणाम अधिक मिळतो.

हे ज्ञान फार जुने नाही. मज्जारज्जूवर थेट ओपिऑइड दिल्यास वेदना थांबते हे याक्श आणि रूडी यांनी १९७६ मध्ये उंदरांवर दाखवले. १९७९ मध्ये जेरुसलेममधील डॉक्टरांनी एपिड्युरलमधून मॉर्फिन दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्या पहिल्या उत्साहानंतर लवकरच उशिराने श्वास मंदावल्याच्या नोंदी येऊ लागल्या, आणि देखरेखीचे आजचे बहुतेक नियम त्या नोंदींतून घडले आहेत.

ओपिऑइड गट

फेंटानिल हे माझ्या मते बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीचे पूरक औषध असावे. ते चरबीत सहज विरघळते, त्यामुळे मज्जारज्जूत लवकर शिरते, ५ ते १० मिनिटांत परिणाम दिसतो आणि २ ते ४ तासांत ओसरतो. ते वरच्या दिशेने फारसे पसरत नाही, म्हणून श्वास मंदावण्याचा धोका असलाच तर तो बहुधा पहिल्या तास-दोन तासांत, म्हणजे भूलतज्ज्ञ अजून रुग्णालयात असताना समोर येतो. एकदाच द्यायचे असल्यास ५० ते १०० मायक्रोग्रॅम आणि सतत द्यायचे असल्यास दर मिलिलिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. त्याची अडचण एकच: परिणाम अल्पकाळ टिकतो, म्हणून सिरिंज पंप लागतो किंवा दर काही तासांनी डोस द्यावा लागतो.

मॉर्फिनचे गणित याच्या उलट आहे. ते पाण्यात विरघळणारे असल्याने मणक्याभोवतीच्या द्रवात रेंगाळते, परिणाम दिसायला ३० ते ६० मिनिटे लागतात, पण एका डोसने १२ ते २४ तास आराम मिळतो. पायाच्या शस्त्रक्रियेसाठी एपिड्युरलमधून २ ते ३ मिलिग्रॅम पुरतात आणि सत्तरीच्या पुढील रुग्णाला त्याहूनही कमी द्यावे. जो गुण आहे तोच धोका आहे: द्रवात रेंगाळलेले मॉर्फिन हळूहळू मेंदूच्या दिशेने सरकते आणि डोस दिल्यानंतर ६ ते १८ तासांच्या दरम्यान श्वास मंदावू शकतो. सकाळी अकराला दिलेल्या डोसचा धोका म्हणजे संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा काळ. म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट्स या संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले १२ तास निदान दर तासाला आणि पुढचे १२ तास निदान दर दोन तासांनी श्वसन, ऑक्सिजनची पातळी आणि गुंगी तपासावी. ज्या वॉर्डात हे खरोखर होणार नाही, तेथे एपिड्युरल मॉर्फिन देऊ नये. चार्टवर रकाने आखलेले असणे आणि ते रात्री भरले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मॉर्फिनबाबत आणखी दोन काळज्या घ्याव्यात. ते प्रिझर्व्हेटिव्हविरहितच असावे. आणि एका ॲम्प्यूलमध्ये १० किंवा १५ मिलिग्रॅम असल्याने, अख्खे ॲम्प्यूल सिरिंजमध्ये ओढून त्यातले थोडे देण्याची सवय टाळावी. ते सलाइनने दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असे पातळ करावे, हवी तेवढीच मात्रा वेगळ्या सिरिंजमध्ये घ्यावी आणि उरलेले नोंद करून नष्ट करावे. कॅथेटरचे टोक न कळत मज्जारज्जूभोवतीच्या आतल्या आवरणात शिरलेले असेल, तर ३ मिलिग्रॅम ही मात्रा तेथे लागणाऱ्या ०.१ मिलिग्रॅमच्या तीसपट ठरते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्येक डोसपूर्वी कॅथेटर ओढून तपासण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

भारतात अनेक वर्षे मॉर्फिन मिळणेच कठीण होते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिन आणि फेंटानिलसह काही औषधे अत्यावश्यक मादक औषधे ठरली, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्याची प्रक्रिया सुटसुटीत झाली. तरीही लहान रुग्णालये कागदपत्रांच्या भीतीने ही औषधे ठेवत नाहीत आणि मग त्यांच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल, ब्युटॉर्फेनॉल वापरली जातात. ब्युप्रेनॉर्फिन १५० ते ३०० मायक्रोग्रॅम या मात्रेत चांगला आणि लांबणारा आराम देते, पण मळमळ-उलटी पुष्कळ होते. ते रिसेप्टरला घट्ट चिकटून बसत असल्याने श्वास मंदावल्यास नॅलोक्सोन या ओपिऑइडवरच्या उताऱ्याच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ते वापरावे. ट्रॅमाडॉल ५० ते १०० मिलिग्रॅम दिले जाते. त्याने श्वास कमी मंदावतो, मात्र उलट्या होतात आणि फिट येणाऱ्या रुग्णाला ते देऊ नये. ब्युटॉर्फेनॉल १ ते २ मिलिग्रॅमने रुग्ण इतका पेंगतो की गुंगीची नोंद वाचून धोका ओळखणे अवघड होते. माझा सल्ला असा की रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे फेंटानिलच्या परवान्यासाठी एकदा पाठपुरावा करून ते काम संपवावे. पर्यायांची कसरत दररोज करण्यापेक्षा ते सोपे आहे.

क्लोनिडीन आणि डेक्समेडेटोमिडीन

गेल्या काही वर्षांत आपल्याकडील शोधनिबंधांत आणि ऑपरेशन थिएटरांत डेक्समेडेटोमिडीनने फार मोठी जागा घेतली आहे. त्यामागचे आकर्षण समजण्यासारखे आहे: ओपिऑइड नाही म्हणून खाज नाही, उलट्या कमी, श्वास सहसा मंदावत नाही, रुग्ण शांत झोपतो आणि मादक औषधांच्या परवान्याचा प्रश्न येत नाही. फेंटानिलच्या तुलनेत वेदनामुक्ती अधिक काळ टिकल्याचे भारतात झालेल्या अनेक लहान अभ्यासांत दिसते. अभ्यासांत वापरलेली मात्रा बहुधा दर किलोला १ मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या आसपास असते.

तरीही येथे थांबून विचार करावा लागतो. डेक्समेडेटोमिडीनला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती अतिदक्षता विभागात शिरेतून देण्याच्या गुंगीसाठी. एपिड्युरलमधील वापर हा मान्य उपयोगाच्या बाहेरचा आहे. क्लोनिडीनला एपिड्युरल मार्गाने मान्यता आहे, पण ती कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी, आणि अमेरिकेतील त्याच्या माहितीपत्रकावर शस्त्रक्रियेच्या आसपासच्या वेदनेसाठी ते शिफारशीत नसल्याचा ठळक इशारा आहे. कारण स्पष्ट आहे: रक्तदाब आणि नाडी दोन्ही उतरतात. बधिरीकरणाच्या औषधाने आधीच पायांच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, ऑपरेशनमध्ये रक्त गेलेले असते, ड्रेनमधून आणखी जात असते, आणि त्यात हृदयाची गती वाढवून सावरण्याची शरीराची स्वाभाविक धडपड हे औषध दाबून टाकते. त्यामुळे रक्तस्राव वाढत असूनही नाडी ६० वरच दिसते आणि चार्ट पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर मला या गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते.

म्हणून या गटासाठी पुढील मर्यादा पाळाव्यात असे मी आग्रहाने सुचवीन. वृद्ध, रक्तस्राव चालू असलेला, हृदयाच्या विद्युत्‌वहनात अडथळा असलेला किंवा नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण असल्यास ही औषधे टाळावीत. इतरांना डेक्समेडेटोमिडीन दर किलोला ०.५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करावे, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३० मायक्रोग्रॅम. क्लोनिडीन वापरायचे असल्यास दर किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास राहावे. डोस एकेरी आणि रक्तदाब स्थिर झाल्यावरच द्यावा, आणि पुढचे निदान चार तास रुग्ण मॉनिटरवर असावा. रुग्णाच्या केसपेपरवर हा वापर आणि त्याला घेतलेली संमती नोंदवावी. रात्री मॉनिटर नाही, पण परिचारिका दर तासाला फिरते अशी स्थिती असल्यास सौम्य बुपिव्हाकेन आणि फेंटानिल हेच अधिक सुरक्षित आहे.

उरलेली औषधे

डेक्सामेथासोन ४ ते ८ मिलिग्रॅम एपिड्युरलमधून देण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. शिरेतून दिलेल्या डोसनेही वेदना आणि उलटी दोन्ही कमी होत असताना ते मणक्याजवळ नेण्याचे कारण मला दिसत नाही. मधुमेही रुग्णाची साखर दोन्ही मार्गांनी वाढते, ती तपासावी. मॅग्नेशियम सल्फेट ५० मिलिग्रॅमच्या आसपास दिले जाते, पण त्याचे ॲम्प्यूल दर मिलिलिटरला ५०० मिलिग्रॅम तीव्रतेचे असते. म्हणजे दशांश चिन्हाची एक चूक दहापट मात्रा देऊन जाते. मिळणारा फायदा त्या जोखमीएवढा मोठा नाही. केटामिन आणि मिडॅझोलाम यांच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह असू शकतात आणि मज्जातंतूंना इजा होण्याची शंका प्राण्यांवरील अभ्यासांतून पुढे आली आहे. ती एपिड्युरलमध्ये घालू नयेत. निओस्टिग्मिनने मळमळ होते आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची गरज पडत नाही. ॲड्रेनलिनचे मुख्य स्थान टेस्ट डोसमध्ये, म्हणजे कॅथेटरची जागा तपासण्यासाठी दिलेल्या छोट्या डोसमध्ये, आहे.

मिश्रण तयार करणे

टेबल स्वच्छ, उजेड भरपूर आणि काम करणाऱ्याला कोणी हाक मारणार नाही, अशा वेळी हे काम करावे. टोपी, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालावेत. हेवी बुपिव्हाकेन, म्हणजे डेक्स्ट्रोज असलेले लहान ॲम्प्यूल, येथे चालत नाही. साधे बुपिव्हाकेन घ्यावे आणि बाटलीवर मिथाइलपॅराबेन (एक प्रिझर्व्हेटिव्ह) असा उल्लेख नाही ना हे वाचून पाहावे.

५० मिलिलिटर मिश्रणासाठी ०.५ टक्के बुपिव्हाकेन १२.५ मिलिलिटर, फेंटानिल १०० मायक्रोग्रॅम म्हणजे २ मिलिलिटर आणि सलाइन ३५.५ मिलिलिटर घ्यावे. यातून बुपिव्हाकेन ०.१२५ टक्के आणि फेंटानिल दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम असे द्रावण मिळते. हे तासाला ५ मिलिलिटर चालवल्यास रुग्णाला तासाला ६.२५ मिलिग्रॅम बुपिव्हाकेन आणि १० मायक्रोग्रॅम फेंटानिल मिळते आणि एक सिरिंज १० तास पुरते. वृद्ध किंवा कमी वजनाच्या रुग्णासाठी बुपिव्हाकेन निम्मे, म्हणजे ६.२५ मिलिलिटर घ्यावे आणि सलाइन तेवढ्या प्रमाणात वाढवून ४१.७५ मिलिलिटर करावे. पंप नसल्यास एकेरी डोस असा करावा: ०.५ टक्के बुपिव्हाकेन २.५ मिलिलिटर, फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर आणि सलाइन ६.५ मिलिलिटर, एकूण १० मिलिलिटर.

प्रत्येक ॲम्प्यूल फोडण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्या व्यक्तीने ते वाचून दुजोरा द्यावा. पायाच्या शस्त्रक्रियेत ही काळजी अधिकच लागते, कारण रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रानेक्सामिक ॲसिड त्याच ट्रेमध्ये असते. ते बुपिव्हाकेन समजून चुकून मणक्यात दिल्याने झटके आणि मृत्यू ओढवल्याच्या घटनांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगभर इशारा दिला होता. ट्रानेक्सामिक ॲसिड मणक्याच्या ट्रेमध्ये ठेवूच नये, ते शिरेच्या औषधांच्या ट्रेमध्ये राहावे. तयार सिरिंजवर औषधांची नावे, तीव्रता, तयार केल्याची वेळ, करणाऱ्याची सही आणि ‘फक्त एपिड्युरल’ ही अक्षरे असावीत. मात्रा लिहिताना ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा. नळीला इंजेक्शनचा फाटा नसावा, जिवाणूंचा फिल्टर असावा, आणि २४ तासांनंतर उरलेले मिश्रण टाकून द्यावे.

पहिला डोस

पायासाठी कॅथेटर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यांमधून घातलेले असते आणि त्याची ३ ते ५ सेंटिमीटर लांबी आत राहते. शस्त्रक्रिया स्पायनल, म्हणजे कमरेतून दिलेल्या, भुलीवर झाली असल्यास हे कॅथेटर अजून तपासलेले नाही, ही गोष्ट सहज विसरली जाते. स्पायनलचा परिणाम असेपर्यंत टेस्ट डोसमधून कॅथेटर आतल्या आवरणात आहे की नाही हे कळत नाही. म्हणून रुग्ण अंगठा आणि घोटा हलवू लागेपर्यंत थांबावे. ही वाट पाहण्याचा दुसरा लाभ म्हणजे ताकद परत आल्याची एक मूळ नोंद मिळते, आणि पुढे ताकद गेली तर ती औषधाने गेली की रक्ताच्या गाठीने, हे ठरवायला तिचा उपयोग होतो.

त्यानंतर कॅथेटर हलकेच ओढून रक्त किंवा पाणी येत नाही ना पाहावे आणि ॲड्रेनलिनयुक्त २ टक्के लिग्नोकेन ३ मिलिलिटर द्यावे. यात ६० मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि १५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन असते. एका मिनिटात नाडी २० ने वाढली तर टोक रक्तवाहिनीत आहे. काही मिनिटांत पाय जड झाले तर ते आतल्या आवरणात आहे. बीटाब्लॉकर (नाडी मंदावणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या रुग्णात नाडीची खूण फसवी ठरते, तेथे हळूहळू डोस देण्यावरच भिस्त ठेवावी. टेस्ट डोस निर्धोक गेल्यावर मिश्रण एका वेळी ३ ते ५ मिलिलिटर असे थांबत थांबत द्यावे. वेदना तीव्र होईपर्यंत वाट पाहू नये. रुग्ण दहापैकी तीन-चार सांगू लागला की सुरू करावे. पहिल्या डोसनंतर ३० मिनिटे दर पाच मिनिटांनी रक्तदाब पाहावा, आणि या वेळात भूलतज्ज्ञाने जागा सोडू नये.

रात्रीची देखरेख

चार्टवर वेदना विश्रांतीत आणि हालचालीत अशी दोन वेळा लिहावी, कारण झोपून असताना शून्य सांगणारा रुग्ण गुडघा वाकवताना आठ सांगतो. सोबत गुंगी, श्वासांची संख्या, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, पायाची ताकद, लघवी आणि कॅथेटरची जागा यांची नोंद असावी. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. गुंगी ही श्वास मंदावण्याची पहिली खूण असते. हाक मारून लगेच न उठणाऱ्या रुग्णाला ‘बरे झाले, झोप लागली’ असे समजून सोडून देऊ नये.

परिचारिकेने डॉक्टरची वाट न पाहता पंप केव्हा थांबवायचा हे चार्टवरच लिहिलेले असावे: श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी, नाडी ५० पेक्षा कमी, हाकेला सुस्त प्रतिसाद, किंवा पायाची ताकद वाढत्या प्रमाणात जाणे. पंप थांबवल्याबद्दल तिला कोणीही बोलणार नाही, हे भूलतज्ज्ञाने सर्वांसमोर सांगितलेले असावे. पलंगाशेजारी ऑक्सिजन, ॲम्बू बॅग, नॅलोक्सोन, रक्तदाब वाढवणारे मेफेंटरमिन आणि नाडी वाढवणारे ॲट्रोपिन असावे. वॉर्डात २० टक्के लिपिड इमल्शन (बधिरीकरणाच्या औषधाच्या विषबाधेवरचा उतारा) कुठे ठेवले आहे हे ड्यूटीवरील प्रत्येकाला माहीत असावे.

दुसऱ्या बाजूने येणारी औषधे हा एक दुर्लक्षित धोका आहे. एपिड्युरलमध्ये ओपिऑइड चालू असताना अस्थिरोग विभागाच्या ठरावीक आदेशपत्रातून शिरेतले ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन आणि रात्रीची झोपेची गोळी एकाच वेळी सुरू राहते. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय गुंगी आणणारे कोणतेही औषध देऊ नये’ असे लिहावे. पॅरासिटामॉल मात्र वेळेवर चालू ठेवावे, आणि मूत्रपिंड व जठर ठीक असल्यास दाहविरोधी वेदनाशामकही द्यावे. घोरणाऱ्या, लठ्ठ, झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णाला लांब परिणाम करणारे ओपिऑइड एपिड्युरलमधून देऊ नये.

बिघाड ओळखणे आणि सावरणे

श्वास मंदावल्यास पंप बंद करून ऑक्सिजन द्यावा, रुग्णाला जागे करून श्वास घ्यायला सांगावे आणि गरज पडल्यास बॅगेने श्वास द्यावा. नॅलोक्सोनचे ०.४ मिलिग्रॅमचे ॲम्प्यूल १० मिलिलिटर करून त्यातील १ ते २ मिलिलिटर दर दोन-तीन मिनिटांनी द्यावे. त्याचा परिणाम मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून रुग्ण जागा झाला की काम संपले असे होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने तो पुन्हा पेंगू शकतो. रक्तदाब उतरल्यास पाय वर उचलून सलाइन आणि मेफेंटरमिन ३ ते ६ मिलिग्रॅम द्यावे, पण त्याच वेळी ड्रेन, ड्रेसिंग आणि मांडीचा घेर पाहावा. एपिड्युरलला दोष देऊन रक्तस्राव नजरेआड करू नये. खाजेसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा अगदी थोडे नॅलोक्सोन उपयोगी पडते. बोलता बोलता कानात आवाज, जिभेला बधिरपणा, मग झटके असा क्रम दिसल्यास बधिरीकरणाच्या औषधाची विषबाधा समजून लिपिड इमल्शन दर किलोला १.५ मिलिलिटर द्यावे आणि त्यानंतर दर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलिलिटर चालू ठेवावे.

वेदना एकाच बाजूला उरली असेल तर कॅथेटर एक-दोन सेंटिमीटर मागे ओढून, ती बाजू खाली करून ५ मिलिलिटर डोस द्यावा. घोटा आणि तळपाय यांची वेदना उशिरा झाकली जाते, कारण पाचव्या कटिमणक्याच्या आणि पहिल्या त्रिकास्थीच्या नसा जाड असतात. तेथे थोडा अधिक वेळ द्यावा.

परंतु नडगीच्या हाडाच्या अस्थिभंगानंतर, पूर्वी व्यवस्थित झाकलेली वेदना अचानक फुटून वर आली, डोसाला दाद देईना आणि पायाची बोटे निष्क्रियपणे ताणल्यावर रुग्ण ओरडू लागला, तर आणखी पूरक औषध घालणे ही घोर चूक आहे. स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढल्याची ती खूण असू शकते. शल्यचिकित्सकाला तत्काळ बोलवावे. ज्या रुग्णात हा धोका आधीपासून जास्त वाटतो, त्याला एपिड्युरल देण्याचा निर्णय शल्यचिकित्सकाशी बोलूनच घ्यावा आणि दिले तर द्रावण सौम्यच ठेवावे.

पंप थांबवल्यावर काही तासांत पायाची ताकद परत आली नाही, उलट कमी होत गेली, पाठीत नव्याने दुखू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एपिड्युरल जागेत रक्त साठल्याचा संशय घ्यावा आणि तातडीने एमआरआय करावे. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ तासांच्या आत दाब मोकळा झाल्यास ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. एमआरआय दुसऱ्या गावी असेल तर रुग्णवाहिका, तेथील न्यूरोसर्जन आणि रक्त यांची व्यवस्था संशय आला त्याच क्षणी सुरू करावी. सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

कॅथेटर काढणे

पायाच्या शस्त्रक्रियेसाठी कॅथेटर सहसा दोन दिवसांत काढता येते, आणि विनाकारण ते लांबवू नये. काढण्याच्या काही तास आधी तोंडावाटे औषधे सुरू करावीत, म्हणजे वेदना एकदम उसळत नाही. एनॉक्सापरिनचा ४० मिलिग्रॅमचा दैनंदिन डोस चालू असल्यास शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी कॅथेटर काढावे आणि पुढचा डोस काढल्यानंतर निदान ४ तासांनी द्यावा. वॉरफरिनवर असलेल्या रुग्णाचे आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) १.५ पेक्षा कमी असल्याची खात्री करावी. कॅथेटर कधी काढायचे ते भूलतज्ज्ञ आणि एनॉक्सापरिन कधी द्यायचे ते वॉर्ड, असे दोघे स्वतंत्रपणे ठरवू लागले की या वेळा चुकतात, म्हणून दोन्ही वेळा एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात. टोक अखंड आले का ते पाहून नोंद करावी, जागा लाल किंवा ओलसर नाही ना ते तपासावे, आणि त्यानंतरचे २४ तास दर चार तासांनी दोन्ही पायांची ताकद व संवेदना पाहणे चालू ठेवावे. या मुदतीत रुग्ण घरी जाणार असेल तर पाय जड पडणे, पाठीत तीव्र दुखणे, लघवी न होणे आणि ताप या चार गोष्टी मराठीत लिहिलेला कागद आणि रात्री उचलला जाईल असा रुग्णालयाचा फोन क्रमांक नातेवाइकांच्या हाती द्यावा.